आधी कशी होतीस ते दाखव

१७ जून २००७, रविवार

बेसन आणायला गेले, रवा घेऊन आले. 'बे'वर अडकले. मागे लोक उभे. दुकानदार भुवया वर करून बघत राहिला. कुणी असं वाट बघायला लागलं की जास्तच अडकतं. शेवटी रवा म्हटलं. 'र' सहसा धोका देत नाही. आई म्हणाली, "आता रव्याचं पिठलं तूच करून दाखव." पप्पांनी पेपर जरा वर धरला. कंपनीने व्हीआरएस दिल्यापासून ते पेपरमागेच राहतात.

बाहेर कट्ट्यावर विकी होताच. "हँग झाली बघ. रिस्टार्ट मारा रे कुणीतरी." कॉम्प्युटरमधला त्याला एवढाच शब्द येतो. दहावीला दोनदा बसलाय, आता तिसऱ्यांदा बसेल. तोंडावर सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते.

२१ जून

मागच्या गल्लीतली प्रज्ञाताई घरी आली. "जय भीम मावशी, सुजाताला आमच्या गटात पाठवा." 'चौक' नावाचा गट आहे तिचा. वस्तीतल्या पोरांनीच काढलेला, मोठ्यांना आत घेत नाहीत. रविवारी समाजमंदिरात जमतात आणि पथनाट्यं करतात.

आई म्हणाली, "ती काय करणार तिथं? तोंड उघडलं की..." पुढचं गिळलं.

"पोस्टर रंगवेल."

मी तिथेच बसले होते. मला कुणी विचारलं नाही. प्रज्ञाताई बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, वावरते मात्र नगरसेविका असल्यासारखी. जाताना मला जय भीम केला. मी 'भी'वर थांबले. ती हात जोडून उभी राहिली, पूर्ण होईपर्यंत. बाकीचे लोक मधेच हात खाली घेतात.

१ जुलै

गटात पहिला दिवस. फळ्यावर नियम लिहिलेला: कुणी बोलताना जो हसेल तो झाडू मारेल. नाव सांगायला उभी राहिले. सुजाता झालं, भालेरावला गाडी थांबली. विकी हसला. तो इथे ढोलकी वाजवतो हे माहीत असतं तर आलेच नसते. प्र.ताईने नुसतं कोपऱ्यातल्या झाडूकडे बोट केलं. अख्खी खोली झाडली त्याने, माझ्या आडनावापायी. खूप बरं वाटलं.

१५ जुलै

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

नाटक टँकरच्या पाण्यावर आहे. साहेबाचं काम करणारा संदीप काविळीने पडलाय. प्र.ताई म्हणाली, "सुजाता, तुला सगळ्यांची वाक्यं पाठ आहेत ना? वाच साहेबाचं." मी नाही अशी मान हलवली. "वाच." मग डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, शाळेतल्या गणिताच्या सरांसारखी मान मागे टाकली, चष्मा नव्हता तरी वर सरकवला आणि त्यांच्या आवाजात सुरू केलं. "बाई, तुम्हाला तहान लागली हा पुरावा होत नाही. तहानेचा दाखला आणा." हे नाटकात नव्हतंच. माझंच. एकदाही अडकले नाही. 'बाई'वरसुद्धा नाही.

सगळे हसले. झाडू कुणी मारायचा? प्र.ताई म्हणाली, नाटकात हसलेलं चालतं.

घरी येईपर्यंत साहेबाच्याच आवाजात पुटपुटत होते. आपल्या आवाजात बोलून बघितलं, तर लगेच अडकलं.

२९ जुलै

पहिला प्रयोग, बाजाराच्या चौकात. मीच साहेब. पप्पांचा जुना कोट, खांद्यात दोन माणसं मावतील असा. एक आजी खरंच चप्पल काढून उठली. "थांब मेल्या, हंडा तुझ्या टेबलावरच आणून आपटते." विकीने ढोलकी वाजवून तिला खाली बसवलं. शिव्या खाऊन एवढं भारी वाटतं हे माहीत नव्हतं.

आई मागे उभी होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "त्या साहेबासारखं घरात बोलायचं नाही."

१२ ऑगस्ट

मला युक्ती सापडली. वाईट बोललं की अडकत नाही. दुकानात साहेब होऊन गेले. "बेसन, अर्धा किलो. आणि वजन नीट करा, मागच्या वेळी पाहिलंय मी." दुकानदाराने मुकाट्याने दिलं. कॉलेजात शेजारी बसणाऱ्या मुलीला तिच्या इंग्लिशवरून बोलले. बोलले म्हणजे सलग तीन वाक्यं. ती मग पुढच्या बाकावर गेली.

आणि आज गटात विकीला. तो माझी वही ओढत होता. मी सगळ्यांसमोर, साहेबाच्या आवाजात, "तिसऱ्यांदा दहावीला बसशील तेव्हा जपून हं. सुपरवायझर तुलाच काका म्हणून खुर्ची देईल."

कुणी हसलं नाही. विकीने ढोलकी खाली ठेवली, तिच्यावर कापड घातलं आणि गेला. त्याच्या मानेवर लाल डाग उठले होते.

प्र.ताईने मला झाडू दिला. मी म्हटलं, मी हसले कुठे? "तुझी जीभ सोडवायला आम्ही सगळे थांबलो. ती अशी सोडायला नाही." राग आला. झाडताना तिच्या पायाशी मुद्दाम धूळ उडवली.

२६ ऑगस्ट

विकी दुसऱ्या रविवारीही आला नाही. ढोलकीशिवाय नाटक म्हणजे रांगेत उभं राहून भांडल्यासारखं वाटतं. प्र.ताई म्हणाली, "तू घालवलास, तू आण. आणि साहेब होऊन जायचं नाही."

२८ ऑगस्ट

गेले. तो कामाला असतो त्या सायकलच्या गॅरेजच्या दारात बसून स्पोक पुसत होता. मी सुरू केलं आणि पहिल्याच शब्दाला अडकले. एरवी माझं वाक्य पूर्ण करायची त्याला कोण घाई. आज त्याने केलं नाही. स्पोक पुसत राहिला. बऱ्याच वेळाने माझं झालं: "बीजगणित मी शिकवते."

"तू अशी अडकत शिकवणार, मी तोपर्यंत म्हातारा होईन."

"मग सु-सुपरवायझर काका म्हणेल."

हसला. रविवारी येतो म्हणाला.

३० सप्टेंबर

मधले दिवस लिहिलं नाही. बोलण्यातच गेले, असं लिहायला मजा वाटते.

प्र.ताईने नवीन पद्धत काढली. दर रविवारी प्रत्येकाने उभं राहून आपल्या आवाजात आठवड्यातली एक गोष्ट सांगायची. मी सांगते तेव्हा सगळे थांबतात. कुणी शब्द पुरवत नाही, कुणी खाली बघत नाही. आधी घाम फुटायचा. आता अडकले तरी अडकून पुढे जाते. कॉलेजात हजेरीला "प्रेझेंट मॅडम" म्हणाले, माझ्याच आवाजात. मॅडमनी वर बघितलं, कारण आतापर्यंत माझ्यासाठी दुसरंच कुणीतरी म्हणायचं.

पुढच्या बाकावर गेलेल्या मुलीशी बोलायला गेले. तिने डबा बंद केला. ठीक आहे.

विकी समीकरणं सोडवतो. चुकलं की स्वतःच्या डोक्यात टपली मारतो.

१४ ऑक्टोबर

विहारात कार्यक्रम होता. गटाने प्रास्ताविक करायचं होतं. प्र.ताईने मला पुढे केलं. कोट नाही, साहेब नाही. तीनदा अडकले, पण शेवटपर्यंत गेले. "जय भीम" म्हणाले तेव्हा अख्ख्या विहाराने परत दिला. पप्पा पहिल्या रांगेत होते. घरी आल्यावर ते स्वतःहून नाक्यावर गेले आणि जिलेबी आणली. किती दिवसांनी चप्पल घातली त्यांनी.

२८ ऑक्टोबर

समाजमंदिराला कुलूप लागणार. दिवाळीनंतर तिथे जिम होणार आहे, नगरसेवकाची माणसं मापं घेऊन गेली. प्र.ताई त्यांच्याशी भांडली. त्यांच्यातला एक म्हणाला, "ताई, नाटकाने दंड होतात का?" आणि स्वतःचा दंड दाखवला. प्र.ताईचे डोळे भरले होते पण रडली नाही. आम्ही सगळे मागे उभे होतो. सगळ्या वस्तीला बोलायला शिकवणारे आम्ही, तिथे कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही.

१८ नोव्हेंबर

कट्ट्यावर मीटिंग. एक अनघा मॅडम आल्या होत्या, हिंजवडीच्या कंपनीतून. प्र.ताईच्या कॉलेजने ओळख करून दिली. कंपनी एक खोली देईल, कॉम्प्युटरही देईल, पण वरच्या लोकांना पटायला हवं, त्यासाठी कंपनीत कार्यक्रम करायचा. प्रत्येकाशी बोलल्या. माझ्याबद्दल प्र.ताईने सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "सो ब्रेव्ह. आधीचा व्हिडिओ आहे का काही? म्हणजे बिफोर?"

कुठून असणार? आमच्या वस्तीत व्हिडिओ लग्नाचा काढतात.

"अरेरे. लोकांना फरक दिसायला हवा ना. करून दाखवेल का ती?"

प्र.ताई म्हणाली, विचारते. मी समोरच उभी होते. दोघी एकमेकींशी बोलत होत्या.

२१ नोव्हेंबर

प्र.ताई घरी आली. आई भाकऱ्या करत होती म्हणून आम्ही जिन्यात बसलो.

"दोन मिनिटं अडकून दाखव. मग विहारात केलंस तसं भाषण. नाटकच आहे ग."

मी म्हटलं, नाटकात मी साहेब असते. हे तर मीच.

"मला कुठे आवडतंय? पण कट्ट्यावर किती दिवस बसणार आपण? पोलीस उठवतात. छोट्यांना घरून पाठवत नाहीत. रविवारी मत घेऊ. गटाचा नियम आहे."

२५ नोव्हेंबर

मत घेतलं. प्र.ताई म्हणाली, ज्यांना हे करावं वाटतं त्यांनी हात वर करा. एकेक करत सगळे झाले. विकीचा हात शेवटी, कोपरातून अर्धा, पायाच्या अंगठ्याकडे बघत. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मीही केला.

२ डिसेंबर

ऑक्टोबरच्या परीक्षेत विकी दहावी पास. पस्तीसच्या वर दोन. पेढा मला पहिला दिला.

तालीम. मी अडकून दाखवलं. प्र.ताई म्हणाली, "छे. अशी नव्हतीस अडकत. जास्त होतं. आणि मान अशी जायची." आणि करून दाखवलं. मान डावीकडे, डावा डोळा बारीक, ओठ पुढे, ब-ब-ब. मी स्वतःला कधी बघितलं नव्हतं. ती इतके महिने शांतपणे वाट बघत होती तेव्हा हे सगळं बघत होती. हुबेहूब होतं म्हणे. छोटी पोरं हसली, मग मोठीही.

झाडू कुणी मारला नाही. नाटकात हसलेलं चालतं.

९ डिसेंबर

परत तालीम. आता मला प्र.ताईसारखं अडकता येतं. चांगलं होतंय म्हणाली.

सकाळी दूधवाल्याशी बोलताना 'बा'वर थांबले. साध्या बोलण्यात सप्टेंबरपासून असं झालं नव्हतं. झोपेत असेन.

१५ डिसेंबर, शनिवार

कंपनीची बस न्यायला आली. हिंजवडी. काचेच्या इमारती, हिरवळीवर कुणी बसत नाही. हॉल इतका थंड की छोट्यांनी हात बगलेत घातले. सगळ्यांना सँडविचचा डबा आणि पांढरा टीशर्ट, त्यावर कंपनीचं नाव. 'चौक' कुठेच नाही.

मला बोलावलं. तालमीसारखं सुरू केलं. "मा-मा-माझं नाव सु-सुजाता..." मान डावीकडे. पुढच्या रांगेतल्या एका बाईने ओठांवर हात ठेवला. मग 'भा'. तिथे थोडं थांबायचं आणि सोडायचं असं ठरलं होतं.

सुटलं नाही.

खरंच सुटलं नाही. आधी वाटलं आत्ता येईल. श्वास घेतला, परत 'भा'. मान आपोआप गेली, डोळा आपोआप मिटला. विंगेतून प्र.ताई हळूच म्हणाली, "बास आता, पुरे." तिला वाटलं मी करतेय. मी तिच्याकडे बघितलं. मग तिला कळलं. नक्की कळलं, तिचा चेहरा मी पाहिला.

ती हसत स्टेजवर आली, माझ्या हातातला माईक घेतला आणि म्हणाली, "अशी होती आमची सुजाता."

टाळ्या. होती.

लगेच विकीने ढोलकी सुरू केली, नाटकाची. मला वाटतं त्याने मला सोडवायलाच वाजवली. कोट चढवला आणि साहेब झाले. "तहानेचा दाखला आणा." खणखणीत. लोक उभे राहिले. अनघा मॅडम डोळे पुसत होत्या. "अनबिलीव्हेबल. पाच मिनिटांत केवढा फरक."

परतीच्या बसमध्ये पोरं गाणी म्हणत होती. प्र.ताई पुढच्या सीटवर, मागे वळली नाही. विकी शेजारी येऊन बसला. वाकडेवाडी आली. मग म्हणाला, "ते खरं होतं ना?" मी मान हलवली. "मला वाटलंच." त्याने स्वतःचं सँडविच मला दिलं. मी खाल्लं. भूक लागली होती.

१८ डिसेंबर

खोली मंजूर. प्र.ताई पेढे घेऊन आली. आईने घेतले नाहीत.

"तीन दिवस झाले, पोरीने पाणीसुद्धा मागितलं नाही. काय केलंत?"

"मावशी, गटाने मिळून ठरवलं होतं. तिचाही हात वर होता."

"माझी पोरगी बोलायला पाठवली होती तुझ्याकडे. दाखवायला नाही."

प्र.ताई पेढे ओट्यावर ठेवून गेली. संध्याकाळी पप्पांनी दोन खाल्ले, आईने बघून न बघितल्यासारखं केलं.

९ जानेवारी २००८

इंग्लिशची तोंडी परीक्षा. पहिल्या वाक्याला अडकले. मॅडम म्हणाल्या, "नेक्स्ट." साहेब होऊन बोलता आलं असतं. पण साहेबाला इंग्लिश येत नाही.

२० जानेवारी

खोलीचं उद्घाटन. गेले, कारण विकी घ्यायला आला. पाच कॉम्प्युटर, निळ्या खुर्च्या, संडासला कडी आहे. छोटी पोरं खुर्चीत गोल फिरत होती. खोली चांगली आहे, खोटं कशाला लिहू? तिथे अभ्यास होईल, मुली येतील, आया पाठवतील.

दारासमोरच्या भिंतीवर माझा फोटो, अर्ध्या भिंतीएवढा. विहारातला, तोंड उघडं. खाली लिहिलंय, 'मी बोलू लागले'. अनघा मॅडमनी विचारलं, "आवडला?" मी 'हो' म्हटलं. तेवढं आलं.

प्र.ताईला कंपनीच्या समाजसेवा विभागात नोकरी लागली. परीक्षा झाली की रुजू.

विकीला विचारलं, तू हात का वर केलास? तो म्हणाला, "खोली पाहिजे होती. आणि तू नाही म्हणशील असं वाटलं होतं. तू का केलास?"

उत्तर देता आलं नाही. शब्द अडकला म्हणून नाही.

३ फेब्रुवारी

प्र.ताईने थांबवून घेतलं. मार्चमध्ये मुंबईला मोठा कार्यक्रम आहे, इतर शहरांतले साहेबलोक येणार. तेच सगळं परत करायचं.

मी हाताने नाही म्हटलं.

"आता तर तुला सोपं जाईल," ती म्हणाली. बोलून गेली आणि स्वतःच ओठ चावला. वाक्य परत घेतलं नाही मात्र. मग म्हणाली, "बरं, नको करूस. गौरी आहे."

गौरी आमच्या गटात नवीन. तेरा वर्षांची. तिचे वडील आत आहेत, तुरुंगाच्या भिंतीपलीकडे. ती शाळेत सांगायची, दुबईला आहेत. गटात पहिल्यांदा तिने खरं सांगितलं. हळू सांगितलं, आम्ही सगळे थांबलो होतो, कुणी खाली बघितलं नाही. तेव्हा प्र.ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरं पाणी.

आता गौरीने स्टेजवर यायचं. आधी म्हणायचं, माझे पप्पा दुबईला आहेत. मग थांबायचं. मग खरं सांगायचं.

पुढच्या रविवारी मत.

१० फेब्रुवारी

मतदानाआधी बोलायचंय म्हणून मी उभी राहिले. विकीने दार लावून घेतलं. साहेब व्हायचं नाही हे घरूनच ठरवलं होतं. सगळं सांगितलं. हिंजवडीला मी करत नव्हते, ते झालं होतं, आणि ताईला ते दिसलं होतं. दूधवाल्याचं सांगितलं, तोंडी परीक्षेचं सांगितलं. माझा हात का वर गेला तेही. तुम्ही सगळे मला बघत होता आणि मला तुम्ही पाहिजे होता. प्रत्येक वाक्यात अडकले. मान गेली, डोळा गेला, सगळं गेलं. माझ्यामागे माझाच फोटो होता. छोटी पोरं एकदा मला बघायची, एकदा भिंतीकडे.

कुणी शब्द पुरवला नाही. कुणी हसलं नाही. ते त्यांना ताईनेच शिकवलंय.

संपल्यावर प्र.ताई म्हणाली, "बोललीस. बरं केलंस." आवाज बसलेला. मग, "आता मत घेऊया. गौरीने करू नये असं ज्यांना वाटतं..."

विकीचा हात गेला, पूर्ण वर. संदीपचा. माझा. अजून दोन-तीन. मोजणार तेवढ्यात गौरीच उभी राहिली.

"पण मला जायचंय," ती म्हणाली. "मला मुंबई बघायचीय. आणि माझापण असा फोटो पाहिजे."

प्र.ताईने माझ्याकडे बघितलं. जिंकल्यासारखं नाही. निर्णय पुढच्या रविवारावर ढकलला.

घरी येताना गौरी सोबत होती. तिची उडी मारत चालायची सवय. कोपऱ्यावर म्हणाली, "सुजाताताई, तिथे माईकसमोर कसं उभं राहायचं, शिकवशील?"

मी म्हटलं, शाळा सुटली की ये.

ती येईल. काय शिकवणार, ते मला अजून माहीत नाही.